भूमध्य किनाऱ्यावरील शरद : प्रवाशाचा ऋतू आणि रहिवाशाचा ऋतू

प्रवासवर्णनात ऋतूकडे बहुधा पार्श्वभूमी म्हणून पाहिले जाते. शहरे, माणसे, देवालये, चित्रशाळा यांविषयी लेखक हेतुपूर्वक लिहितो. ऋतू त्याच्या लेखनात आपोआप येतो, आणि आपोआप येतो म्हणूनच तो लेखकाविषयी पुष्कळ सांगून जातो. परक्या प्रदेशातील इमारत प्रवाशाला नवी वाटते. तेथील ऋतू मात्र त्याला ओळखीचा वाटतो. ऋतूंची नावे, त्यांच्याशी निगडित झालेल्या भाववृत्ती, त्यांची ठरून गेलेली प्रतिमासृष्टी हे सारे तो घरून बरोबर घेऊन निघालेला असतो. त्यामुळे डोळ्यांसमोरचा ऋतू आणि मनातला ऋतू यांची गल्लत होण्याचा संभव येथे इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर शरदात येऊन पोचलेल्या उत्तर युरोपीय लेखकांचे वाङ्मय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

हा प्रश्न केवळ युरोपीय वाङ्मयाच्या अभ्यासकापुरता मर्यादित नाही. शेली आणि कीट्स यांच्या कविता भारतातील जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात पिढ्यान् पिढ्या शिकवल्या गेल्या. ‘ऑटम’ या इंग्रजी शब्दासमोर द्विभाषिक कोशांनी ‘शरद’ हा शब्द मांडून ठेवला, आणि भाषांतरकारांनी, प्राध्यापकांनी व कवींनी तो निमूटपणे उचलला. परंतु आपला शरद, इंग्लंडचा ‘ऑटम’ आणि नेपल्स-जिनोआच्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात प्रत्यक्ष घडणारा ऋतू या तीन भिन्न गोष्टी आहेत. या तिन्हींना एकच नाव दिल्याने काय हरवते, हे पाहणे भारतीय समीक्षेलाही आवश्यक आहे.

प्रथम त्या ऋतूचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. भूमध्य प्रदेशाचा उन्हाळा कोरडा असतो. जून ते ऑगस्ट या महिन्यांत किनाऱ्यावरील गवत वाळून पिवळे पडते, ओढे आटतात, जमीन भेगाळते. शरदात उच्च दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, अटलांटिकवरून येणाऱ्या वादळी हवेला वाट मिळते, आणि उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून पुष्कळ बाष्प वर चढते. मग पाऊस येतो, आणि तो अनेकदा गडगडाटासह येतो. फेर्नां ब्रोदेल याने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या भूमध्य जगाविषयीच्या आपल्या ग्रंथात या समुद्राचे जीवन सहारा आणि अटलांटिक यांच्या आळीपाळीच्या सत्तेखाली कसे चालते, हे विस्ताराने दाखवले आहे. उन्हाळा सहाराचा, हिवाळा अटलांटिकचा. शरद म्हणजे त्यांच्यातील सत्तांतर. या काळात द्राक्षांची तोडणी संपते, पहिल्या पावसाने जमिनीला वाफसा येतो, नांगर बाहेर निघतात, गव्हाची आणि जवाची पेरणी होते, आणि पाठोपाठ ऑलिव्हचा हंगाम सुरू होतो. एका अंगाने हा वर्षाचा शेवट आहे. परंतु कुणब्याच्या दृष्टीने तोच वर्षाचा आरंभ आहे. रानकांद्याचा भूमध्य भाऊबंद उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या भुईतून पानांवाचून फुलाचा उंच दांडा वर काढतो. पावसानंतर लहान सायक्लेमेन फुलते, टेकड्यांवर हिरवी लव येते. उत्तरेकडे ज्या वेळी झाडे निष्पर्ण होऊ लागतात, त्या वेळी येथे जमीन हिरवी होऊ लागते.

समुद्राचे मात्र उलट. जमीन उघडते तेव्हा समुद्र मिटतो. रोमन लेखक व्हेजिशियस याने नौकानयनाचा काळ स्पष्ट आखून दिला आहे: सप्टेंबरच्या मध्यापासून ११ नोव्हेंबरपर्यंतचा काळ धोक्याचा, आणि त्यानंतर १० मार्चपर्यंत समुद्र बंद. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात संत पॉलचे गलबत शरदातील उपवासाचा दिवस उलटून गेल्यावर क्रीटच्या किनाऱ्याने पुढे जाते, वादळात सापडते आणि माल्टापाशी फुटते. ती सारी कथा ‘उशीर झाला आहे’ या एका जाणिवेवर उभी आहे. त्याच्याही कित्येक शतके आधीच्या हेसिअडच्या काव्यात क्रौंच पक्ष्यांचा आकाशातून येणारा आवाज हा नांगरणीचा संकेत आहे. कृत्तिका मावळू लागल्या की गलबत किनाऱ्यावर ओढावे, सुकाणू काढून चुलीवरच्या धुरात टांगावे आणि जमिनीकडे वळावे, असा त्याचा उपदेश. कोकणातल्या वाचकाला या उपदेशातील आगोटीची तयारी लगेच ओळखू येईल. फरक इतकाच, की कोकणात पावसाबरोबर मिटलेला समुद्र नारळी पौर्णिमेला उघडतो आणि शरदात शिडे पुन्हा दिसू लागतात, तर भूमध्य किनाऱ्यावर शरदातच ती उतरवली जातात. हेसिअड आपल्या काव्यात सांगतो, की त्याने समुद्रप्रवास असा एकदाच केला, आणि तोही ऑलिसपासून समोरच्या युबिया बेटापर्यंत. भूमध्य शरदाचा सर्वांत अचूक कवी असा जवळजवळ प्रवास न केलेला माणूस असावा, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनात विसरता येण्याजोगी नाही.

आता प्रवाशांकडे वळावे. गटे १७८६ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेला पहाटे कार्ल्सबादहून कोणालाही न सांगता निघाला. आल्प्स ओलांडून गार्डा सरोवराच्या काठाने तो व्हेनिसला २८ सप्टेंबरला पोचला, आणि तेथे वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. या प्रवासाचे त्याचे वर्णन वाचताना जाणवते ते असे, की तो शरदाकडे निघालेला नसून शरदापासून पळालेला आहे. उत्तरेतला ढगाळ, उतरणीला लागलेला ऋतू मागे टाकावा आणि पिकलेल्या फळांच्या, मोकळ्या उन्हाच्या देशात जावे, ही त्याची ओढ. खिंडीच्या दक्षिणेस उतरताच बाजारातली फळे, वेलींवरचे घोस, लिंबांची झाडे यांच्या नोंदी येतात. दक्षिण हा त्याच्या दृष्टीने लांबलेला उन्हाळा आहे. मिन्योनच्या गीतातील लिंबांचा देश त्याने हा प्रवास करण्यापूर्वीच रचला होता. प्रवासात तो त्या देशाचा पडताळा घेत होता, असे म्हटल्यास ते चुकीचे ठरणार नाही.

तथापि गटे केवळ स्वप्नाचा पडताळा घेणारा प्रवासी असता, तर त्याच्या या ग्रंथाला आजचे महत्त्व आले नसते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो लिडोच्या किनाऱ्यावर जातो. तेथे ओहोटीच्या वेळी दगडांवर चिकटलेल्या शिंपल्या आणि त्यांच्यावर झडप घालू पाहणारे लहान खेकडे यांच्याकडे तो बराच वेळ टक लावून पाहतो. खारट वाळूत उगवणाऱ्या वनस्पतींची पाने जाड आणि रसाळ का, चिवट का, याचा तो विचार करतो. या पानांत दक्षिणेचे स्वप्न नाही, लिंबाची बाग नाही. एका विशिष्ट किनाऱ्यावरचे, एका विशिष्ट दिवसाचे जीवन आहे. हे प्रवासवर्णन त्याने सुमारे तीस वर्षांनंतर, १८१६-१७ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दरम्यानच्या संस्करणात त्याने पुष्कळ काही बदलले, सावरले. खेकडे मात्र राहिले. ज्या ठिकाणी लेखकाचे कुतूहल त्याच्या अपेक्षेवर मात करते, त्या ठिकाणी प्रवासवर्णन वाङ्मय होते. या कसोटीवर लिडोची ती थोडी पाने संपूर्ण ग्रंथातील अव्वल पानांत गणावी लागतील.

शेलीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पश्चिम वाऱ्याला उद्देशून लिहिलेली त्याची कविता १८१९ च्या शरदात, फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकाठच्या वनराईत सुचली, आणि १८२० मध्ये ‘प्रोमिथ्यूस अनबाउंड’बरोबर प्रसिद्ध झाली. कवितेला जोडलेल्या टीपेत शेलीने त्या दिवसाच्या हवामानाचे नेमके वर्णन केले आहे: उबदार पण अंगात चैतन्य आणणारा वारा, शरदातील पावसासाठी गोळा होणारे बाष्प, आणि सूर्यास्ताच्या सुमारास त्या प्रदेशाला साजेसा विजांचा व गारांचा मारा. हा वारा भूमध्य समुद्राचा आहे, हे शेलीला ठाऊक होते. कवितेच्या तिसऱ्या भागात तो वारा त्या निळ्या समुद्राला उन्हाळ्याच्या झोपेतून जागा करतो. या भागातील बायाच्या उपसागराचे, पाण्याखाली दिसणाऱ्या प्राचीन वाड्यांचे चित्र शेलीने प्रत्यक्ष पाहिले होते. मात्र त्याने ते १८१८ च्या डिसेंबरमध्ये पाहिले होते. हिवाळ्यातील एका निवांत दिवसाचे दृश्य त्याने उन्हाळ्याचे स्वप्न म्हणून कवितेत योजले. कवीला हे स्वातंत्र्य अर्थातच आहे. येथे त्याचा उल्लेख केला तो दोष दाखवण्यासाठी नव्हे, तर शेली ऋतूंची जुळवाजुळव कशी करतो, हे स्पष्ट व्हावे म्हणून.

ही जुळवाजुळव पहिल्या भागात निर्णायक ठरते. तेथे वारा बीजांना त्यांच्या थंड अंथरुणाकडे नेतो, आणि वसंतातील दुसरा वारा येऊन उठवीपर्यंत ती प्रेतांसारखी निपचित पडून राहतात. कवितेचा सारा राजकीय आणि आध्यात्मिक आशय या बीजांवर उभा आहे: आज मृत्यू, उद्या पुनर्जन्म, मध्ये हिवाळ्याची दीर्घ प्रतीक्षा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टरला पीटर्लूचे हत्याकांड घडले होते, आणि शेलीला प्रतीक्षेची प्रतिमा हवी होती. परंतु ज्या किनाऱ्यावरून तो वारा आला, तेथे बीज असे पडून राहत नाही. पहिल्या पावसाबरोबर ते कोंब धरते, हिवाळाभर वाढते, वसंताच्या अखेरीस पिकते आणि उन्हाळ्यात सुकून जाते. भूमध्य प्रदेशात मृत्यूचा ऋतू उन्हाळा आहे, आणि शरद हाच पुनर्जन्म आहे. म्हणजे शेलीने ज्या वाऱ्याला संहारक आणि रक्षक अशी दोन्ही विशेषणे दिली, तो वारा त्या भूमीवर ही दोन्ही कामे एकाच दिवशी, एकाच पावसात करीत होता. त्या दोन कामांच्या मध्ये शेलीने एक संपूर्ण हिवाळा घातला, कारण त्याच्या बालपणीच्या ससेक्समध्ये तो होता. कवितेची थोरवी यामुळे कमी होत नाही. किंबहुना तिच्यात जाणवणारा ताण, वाऱ्याची प्रत्यक्ष उत्सुक गती आणि आशेला दिलेली लांबची मुदत यांच्यातील विसंगती, काही अंशी या दोन ऋतूंच्या संघर्षातून आलेली आहे. टीपेतील हवामान इटलीचे आहे, बीज इंग्लंडचे आहे. आणि कविता त्या दोहोंच्या मधल्या जागेत उभी आहे.

याच १८१९ च्या शरदात, १९ सप्टेंबरला, विंचेस्टर येथे कीट्सने आपली शरदावरील कविता लिहिली. तिच्यातील ऋतू पूर्णपणे इंग्लंडचा आहे. तेथे आयात केलेले काही नाही. पिकलेली फळे, मधमाश्यांना भुलवणारी उशिराची फुले, कापलेली शेते, दक्षिणेकडे निघण्यासाठी जमू लागलेल्या पाकोळ्या. पाकोळ्या ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने एका वर्षाने कवीला जावे लागले. क्षयाने ग्रासलेला कीट्स १८२० च्या सप्टेंबरच्या मध्यास चित्रकार मित्र जोसेफ सेव्हर्न याच्यासह ‘मारिया क्राउथर’ या जहाजाने निघाला. २१ ऑक्टोबरला जहाज नेपल्सच्या बंदरात शिरले. लंडनमध्ये तापाची साथ असल्याच्या कारणावरून ते तेथेच अडकवून ठेवण्यात आले. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, कीट्सने इटलीच्या भूमीवर पाय ठेवला. २३ फेब्रुवारी १८२१ ला रोममध्ये त्याचा अंत झाला.

शरदाचा कवी शरदात भूमध्य किनाऱ्यावर पोचला आणि त्याने त्या किनाऱ्यावर एकही कविता लिहिली नाही. दहा दिवस नेपल्सचा उपसागर, व्हेसूव्हियस, द्राक्षांच्या होड्या हे सर्व त्याच्या डोळ्यांसमोर होते. बंदरातून लिहिलेल्या पत्रात, या जगाचे नागरिकत्व आपल्याला पुन्हा लाभते तर या उपसागराचे केवढे वर्णन करता आले असते, असा भाव तो व्यक्त करतो. पाहण्याची शक्ती शाबूत होती. जगाशी असलेले नाते तुटले होते. प्रवासवर्णनाच्या मीमांसेत या पत्राला स्थान मिळाले पाहिजे, कारण वर्णन हे डोळ्यांचे काम नसून नागरिकत्वाचे काम आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. जो त्या जगात काही काळ राहू इच्छितो, त्यात आपले काही गुंतलेले आहे असे मानतो, त्यालाच ते दिसते.

आणि तरीही या कथेत त्या ऋतूची एक खूण उरली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नेपल्सहून रोमकडे जाताना घोडागाडी इतकी संथ चालत होती, की सेव्हर्न तिच्याबरोबर पायी चालला आणि वाटेवरची रानफुले तोडून त्याने गाडी भरून टाकली. ही आठवण सेव्हर्ननेच सांगून ठेवली आहे. चरित्रकार ती मैत्रीचे उदाहरण म्हणून देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला गाडी भरेल इतकी फुले कोठून आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ती पहिल्या पावसानंतरची फुले होती. विंचेस्टरच्या कवितेत फुलांना ‘उशिराची’ म्हणावे लागले होते. कंपान्याच्या रस्त्यावरील फुले उशिराची नव्हती, ती वेळेवर आली होती. कीट्सच्या हातात त्याच्या आयुष्यातील शेवटच्या शरदाने ही फुले ठेवली, आणि त्यांविषयी लिहिण्याचे बळ त्याच्या ठायी उरले नव्हते. इंग्रजी काव्याला भूमध्य शरदाची जी कविता मिळू शकली असती, ती त्या गाडीत होती.

या तिघांच्या तुलनेत टोबायस स्मॉलेट हा सामान्य प्रतीचा प्रवासी समजला जातो. एकुलती मुलगी गमावून आणि फुप्फुसांचा विकार घेऊन तो १७६३ साली युरोपात गेला आणि नीस येथे बराच काळ राहिला. १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रात्मक ग्रंथातील त्रागा, खानावळींविषयीच्या तक्रारी, माणसांविषयीचा संशय यांची लॉरेन्स स्टर्नने १७६८ मध्ये ‘स्मेलफंगस’ असे टोपणनाव देऊन यथेच्छ टर उडवली. वाङ्मयेतिहासाने स्टर्नचा निकाल मान्य केला. परंतु स्मॉलेट हा पेशाने वैद्य होता, आणि नीसमध्ये त्याने महिनोन् महिने हवामानाची नोंदवही ठेवली. ती ग्रंथाच्या शेवटी छापलेली आहे. कोणत्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा, पाऊस किती वेळ, ऊन कसे, याच्या त्या रुक्ष ओळी आहेत. त्याखेरीज द्राक्षे तुडवण्याची आणि ऑलिव्हचे तेल काढण्याची रीत, मासेमारी, यांची माहिती त्याने शेजाऱ्याच्या कुतूहलाने दिली आहे. स्टर्नच्या भावविवश प्रवाशाला ऋतू नाही. त्याला केवळ मनःस्थिती आहे. स्मॉलेटच्या तिरसट ग्रंथात मात्र एक ऋतू दिवसामागून दिवस घडताना दिसतो. वाङ्मयीन गुणवत्तेच्या तराजूत स्टर्नचे पारडे जड राहील यात संशय नाही. पण किनाऱ्याला न्याय कोणी दिला, असा प्रश्न केल्यास उत्तर वेगळे येईल.

येथवरच्या विवेचनावरून रहिवाशाची दृष्टी खरी आणि प्रवाशाची खोटी, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. एउजेनिओ मोंताले हा जिनोआत जन्मलेला कवी. १९२५ च्या ‘ओस्सी दि सेप्पिया’ या संग्रहातील त्याचा किनारा बहुतांशी उन्हाने भाजलेला, माध्यान्हीचा किनारा आहे, कारण मोंतेरोस्सो या गावी त्याचे कुटुंब उन्हाळ्यात जात असे. तो त्या किनाऱ्याचा होता, परंतु उन्हाळ्यापुरता. त्याच मोंतेरोस्सो आणि शेजारच्या व्हेर्नात्सा या गावांवर २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या पावसाने चिखलाचा लोंढा आला. रस्ते पहिल्या मजल्यापर्यंत गाडले गेले, माणसे दगावली. पाठोपाठ ४ नोव्हेंबरला जिनोआत पूर आला. डोंगरउतारावरच्या, दगडांच्या कोरड्या बांधांनी तोललेल्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या अनेक ठिकाणी कसणारे हात न राहिल्याने ढासळत आलेल्या होत्या. सोडून दिलेला बांध पावसात प्रथम सुटतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात अशाच शरदातील पावसाने दोनशेहून अधिक बळी घेतले. समुद्र पूर्वीपेक्षा अधिक तापत असल्याने या पावसाचे बळ वाढत आहे. शेलीला ज्या वादळात क्रांतीचा आवाज ऐकू आला, ते वादळ तेथील माणसाच्या दृष्टीने पेरणीची आशा आणि बांध फुटण्याची भीती ही एकाच वेळी असते. प्रतीकाला या दोहोंपैकी एकच बाजू परवडते.

आल्बेर काम्यूचे उदाहरण रहिवाशाच्या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणते. १९३९ मधील ‘नोस’ या निबंधसंग्रहात अल्जीअर्सच्या उन्हाळ्यावर एक निबंध आहे. त्यात सप्टेंबर येतो तो खरूबाच्या फुलांच्या दरवळासह आणि ओल्या मातीसह. उन्हाळाभर सूर्याच्या स्वाधीन झालेली भूमी पावसानंतर तृप्त होऊन विसावते, अशी त्याची कल्पना आहे. या शरदात विषादाचा लवलेश नाही. उत्तरेकडून आणलेली कोणतीही भाववृत्ती येथे दिसत नाही, आणि तरीही हा ऋतू पूर्ण नाही. या भूमीच्या मीलनसोहळ्यात तिला नांगरणारा माणूस कोठेच आढळत नाही. काम्यू अल्जीरियात जन्मला, वाढला. परंतु त्याचा किनारा स्नानाचा, उन्हाचा आणि तारुण्याचा किनारा आहे. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, काबिलियाच्या डोंगरात जन्मलेल्या मुलूद फेराऊनच्या ‘ल फिस द्यू पोव्हर’ या १९५० च्या कादंबरीत अंजीर आणि ऑलिव्ह ही सुगंधाची द्रव्ये नाहीत. ती हिवाळा काढण्याची शिधासामग्री आहे. तेथे शरद तृप्तीचा नसून हिशेबाचा ऋतू आहे. कोठीत काय पडले, किती दिवस पुरेल, हा तो हिशेब. दोघेही रहिवासी, दोघेही फ्रेंचमध्ये लिहिणारे, दोघांचा समुद्र एक. पण एकाने ऋतू अंगावर घेतला आणि दुसऱ्याने तो घरात साठवला. म्हणजे रहिवास हा केवळ जन्माचा किंवा मुक्कामाचा प्रश्न नाही. त्या ऋतूवर आपले काय अवलंबून आहे, हा प्रश्न आहे.

आता ‘शरद’ या शब्दाकडे पुन्हा यावे. आपल्या परंपरेत शरद हा विषादाचा ऋतू कधीच नव्हता. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील तिसऱ्या सर्गात तो नववधूच्या रूपाने येतो, आकाश निवळते, जलाशय स्वच्छ होतात, वाटा मोकळ्या होतात. वैदिक ऋषींनी शंभर वर्षांचे आयुष्य मागितले ते शंभर शरद म्हणून मागितले. म्हणजे जीवनाची मोजणीच या ऋतूने केली. जो शब्द आयुष्य मोजण्यासाठी वापरला गेला, तोच शब्द आयुष्याच्या उतरणीचे इंग्रजी प्रतीक वाहून नेण्यासाठी कोशकारांनी कामाला लावला. मराठी कवींच्या कानाला ही विसंगती जाणवली असावी. पानगळीचा, उदासीनतेचा भाव व्यक्त करावयाचा झाला, की मराठी कविता शिशिराकडे वळते. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शिशिरागम’ (१९३९) आहे, हा या दृष्टीने बोलका पुरावा आहे. म्हणजे इंग्रजी ‘ऑटम’ मराठीत येताना दुभंगला: दिनदर्शिकेपुरता तो शरद झाला, भावापुरता शिशिर. कोशाने जी गल्लत केली, ती कवितेने आपल्या परीने दुरुस्त केली.

भूमध्य शरदासाठी मात्र ही दुरुस्तीही पुरत नाही. त्या किनाऱ्यावरील पहिल्या पावसाचा गंध, वाळलेल्या भूमीची ती सुटका, पेरणीची ती घाई मराठी वाचकाला पोचवावयाची, तर जवळचा अनुभव मृगाचा आहे. शरदाचा नाही आणि शिशिराचाही नाही. परंतु ‘मृग’ म्हटले की पुढे येतात ते चार महिन्यांचे पाणी आणि वाढता उष्मा हटल्याचा आनंद. तेथे पुढे येतात ते लहान होत जाणारे दिवस, थंडी आणि बंद झालेला समुद्र. म्हणून कोणताही एक शब्द पुरा पडणार नाही. भाषांतरकाराने शब्दाऐवजी घडामोड उचलावी: पाऊस आला, जमीन नांगराला आली, होड्या वर ओढल्या. हेसिअडचा अनुवाद जेव्हा या मार्गाने होईल, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या, तसेच केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाचकाला त्यातील अर्धा भाग ओळखीचा आणि अर्धा अगदी उलटा वाटेल, आणि त्या उलटेपणातच त्या काव्याचे परकेपण यथार्थ कळेल. हीच कसोटी युरोपात जाऊन आलेल्या भारतीय लेखकांच्या प्रवासवर्णनांनाही लावता येईल. परक्या ऋतूत पाय ठेवताच मनात उमटणारी पहिली भावना बहुधा पाठ्यपुस्तकातली असते. दुसरी भावना यावयाला तेथे काही दिवस राहावे लागते, आणि शेजारी काय कापतो आहे, काय पेरतो आहे, कशाला भितो आहे, याची विचारपूस करावी लागते.

गटेने खेकड्यांकडे पाहिले, स्मॉलेटने वाऱ्याची दिशा लिहून ठेवली, सेव्हर्नने आजारी मित्रासाठी फुले तोडली. या तिन्ही कृती करताना त्यांपैकी कोणीही शरदाविषयी काही म्हणावे या विचारात नव्हता. त्या किनाऱ्याच्या खऱ्या ऋतूची नोंद प्रवाशांच्या वाङ्मयात जी काही राहिली आहे, ती बहुतेक अशाच ठिकाणी राहिली आहे. अभ्यासकाने ती तेथे शोधावी, आणि शेलीची कविता शिकवताना कवितेबरोबर तिची टीपही वाचून दाखवावी.